वसुमतीचा उजवा

आमच्या वसुमतीला भोपाळच्या रिंगमध्ये आडवी केली, ते सगळ्या गल्लीने एकत्र बसून पाहिलं. राष्ट्रीय बॉक्सिंग स्पर्धेची अंतिम लढत होती, मुलींमधला सगळ्यात वरचा वजनगट. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी सभेच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता. बाहेर वसुमतीचा दोन मजले उंच फ्लेक्स. वर ती मुठी आवळून उभी आणि खाली गल्लीतल्या झाडून सगळ्या प्रतिष्ठितांचे गोल फोटो, जणू तेच रिंगमध्ये उतरणार होते. दुसऱ्या फेरीत वसुमतीने उजवा ठोसा सोडला. समोरची मुलगी खाली वाकली आणि उठता उठता तिचा डावा वसुमतीच्या जबड्यावर बसला. पंचांनी दहापर्यंत मोजलं तरी वसुमती एका गुडघ्यावरच होती.

लढतीनंतर सगळ्यांनी कॉफी घ्यायची असं ठरलं होतं. कॉफीला कोणी थांबलं नाही, सगळे आपापल्या चपला शोधायला लागले. दुसऱ्या दिवशी फ्लेक्सही गायब. पुढच्या आठवड्यात कालव्याच्या रस्त्याने जाताना मला तो दिसला, कोणीतरी मळणीच्या भातावर पांघरून ठेवला होता. वसुमतीची एक मूठ तेवढी बाहेर दिसत होती. मी तिथेच उभी राहून त्या भाताला शिव्या घातल्या. हे सगळं मी रागानेच लिहिते आहे, तेव्हा कोणाला काही लागलं तर लागू दे.

मी वर्षा. माहेर मिरजेचं. तुकोजी हे माझे यजमान, सरकारी शाळेतले निवृत्त पी.टी. मास्तर. वसुमती त्यांच्या धाकट्या भावाची, साईरामची मुलगी. साईराम ती लहान असतानाच गेला, तेव्हापासून ती आणि तिची आई अंबा आमच्याच घरात आहेत. आम्हाला मूल नाही. त्यामुळे वसुमतीवर ओरडायला घरात तीन माणसं होती आणि बाहेरचं कोणी तिला ओरडलं तर त्याच्या अंगावर धावून जायलाही तीच तीन.

पोर पहिल्यापासून अंगाने भक्कम. शाळेत तिला 'गुंडू' म्हणायचे, इकडे जाड्याला तसं चिडवतात. अंबा काळजीने तिला एक दोसा कमी वाढायची. एक दिवस तुकोजींनी तो दोसा परत तिच्या पानात वाढला आणि म्हणाले, "हें वजन घेऊन काय करायचं तें मी सांगतों." कॉलेजात असताना ते स्वतः थोडंफार बॉक्सिंग खेळले होते. त्यांनी परसातल्या नारळाला पोतं टांगलं, आत भाताचं तूस आणि घरातल्या जुन्या साड्या भरल्या. त्यात माझी मिरजेहून आणलेली इरकलही गेली, मला न विचारता. वसुमतीने तिला इतकी वर्षं बडवलंय की आता ती परत मागण्यात अर्थ नाही.

पुढे जिल्हा, मग राज्य, मग पेपरात फोटो. खेळाडूंच्या कोट्यातून तिला पापनाशमच्या तालुका कचेरीत नोकरी लागली. पहाटे कालव्याच्या काठाने धावायचं, आंघोळ करून पॅसेंजर गाडीने पापनाशम गाठायचं, दिवसभर लोकांचे जमिनीचे उतारे काढून द्यायचे, संध्याकाळी परत येऊन पोत्याला भिडायचं. लग्नाची स्थळं यायची, वजन ऐकून परत जायची. वसुमती म्हणायची, "बरं झालं, दारांतूनच गेला. आंत आला असतां तर कॉफी करावी लागली असती."

आता ती कशी हरली ते सांगते, कारण तशी चूक जगात फक्त आमच्याच घरात होऊ शकते.

तंजावूरच्या मराठी घरांत एक रीत आहे. बाहेर सगळा व्यवहार तमिळमध्ये, पण चारचौघांत आपसांतलं काही बोलायचं असलं की मराठी. बसमध्ये शेजारच्या बाईच्या दागिन्यांबद्दल बोलायचं, दुकानात 'हें घेऊ नको, रंग जाईल' असं सांगायचं, पाहुणा उठत नसला तर त्याच्या समोरच त्याच्याबद्दल बोलायचं. कोणाला काही कळत नाही. तुकोजींनी हीच युक्ती रिंगच्या कोपऱ्यात आणली. नियमाने फेरी चालू असताना कोपऱ्यातून ओरडायचं नसतं, पण सगळेच ओरडतात आणि पंच डोळे वटारून सोडून देतात. बाकीचे मास्तर हिंदीत ओरडायचे, ते समोरच्याही मुलीला कळायचं. आमचे तुकोजी मराठीत. "डावा दाखव! पोटांत! आतां उजवा सोड!" हरियाणाच्या, मणिपूरच्या, केरळच्या मुली बिचाऱ्या त्यांच्याकडे बघत राहायच्या आणि तेवढ्यात उजवा येऊन पोचायचा.

भोपाळला अंतिम फेरीत समोर आली कोल्हापूरची राजनंदिनी चौगुले. मी तुकोजींना लगेच फोन केला. म्हटलं, "अहो, ती कोल्हापूरची आहे. तुम्ही मराठीत ओरडलात तर तिला शब्द न शब्द कळेल. या वेळी तमिळमध्ये ओरडा."

ते हसले. "त्यांची मराठी वेगळी, आमची वेगळी. पुण्यांत मी मराठींत पत्ता विचारटलों, तर तो रिक्षावाला मला हिंदींत उत्तर दिला. तूं विसरलीस कां?"

विसरेन कशी? ते ऐकून हे दोन दिवस जेवले नव्हते. आमच्या लग्नात माझ्याच मावशीने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, जावई नक्की कुठली भाषा बोलतात म्हणून. महाराष्ट्रात जाऊन मराठी बोलायची आणि समोरच्याने हिंदीकडे वळायचं, हे यांच्या घराण्यात बापापासून चालत आलेलं दुखणं. आयुष्यभर ज्या गोष्टीचं वाईट वाटलं, तिच्यावरच त्यांनी त्या दिवशी भरवसा ठेवला. मी पुन्हा म्हटलं, "मला पहिल्या दिवसापासून कळतंय ना तुमचं?" तर म्हणाले, "तूं घरची." आणि फोन ठेवला.

त्याचं उत्तर आम्हाला टीव्हीवरच मिळालं. लढत संपल्यावर त्या चौगुलेसमोर कोणीतरी माईक धरला. घामाने निथळत, हसत हसत ती म्हणाली, "त्यांचे काका कोपऱ्यातून मराठीतच सांगत होते की! जरा जुन्या वळणाची आहे, पण कळतंय सगळं. उजवा सोड म्हटले, मी खाली बसले." तिच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, हे मी आजही सांगेन. पण तेवढा तुकडा कापून लोकांनी गावभर फिरवला. 'फुकट शिकवणी' असं त्याला नाव पडलं. महाराष्ट्रात लोक हसले, आणि खाली तमिळ अक्षरं टाकून तो आमच्या गल्लीतही प्रत्येकाच्या फोनवर आला. ज्यांना मराठी धड बोलता येत नाही अशी आमची पोरंसुद्धा 'उजवा सोड' म्हणून एकमेकांना ढकलायला लागली.

तुकोजी भोपाळहून परत आले, पिशवी खाली ठेवली आणि मला तमिळमध्ये म्हणाले, "कॉफी दे." मला वाटलं, प्रवासाने थकलेत. संध्याकाळीही तमिळ. दुसऱ्या दिवशीही. माझ्याशी तमिळ, अंबाशी तमिळ, देवासमोरही काही पुटपुटले ते तमिळमध्येच. वसुमतीशी तर बोलणंच बंद. ती दिसली की उठून आत जायचे. मिरजेहून इथे येऊन यांची उलटीसुलटी मराठी मी शिकले, तिच्यावर जीव लावला, आणि आता या वयात हा माणूस माझ्याशी परक्यासारखा बोलतो! मी भांडी आपटली, दोन दिवस त्यांच्या तमिळला उत्तरच दिलं नाही. काही उपयोग झाला नाही. त्यांच्या मनाने घेतलं होतं की पोरीला आपणच पाडलं, आपल्या तोंडाने.

वसुमतीला डॉक्टरांनी काही महिने हातमोजे घालायला मनाई केली. डोक्याचं स्कॅनिंग झालं, सगळं ठीक निघालं. ती कचेरीत जायला लागली. उतारा घ्यायला आलेली माणसं तिच्याकडे बघून आपसांत कुजबुजायची. एकाने तर थेट विचारलं, टीव्हीवर पडली ती तूच का, दुखतं का अजून? ती म्हणाली, "दुखतं. तुमचा सर्व्हे नंबर सांगा." हे मला तिच्याबरोबर काम करणाऱ्या हरिप्रियाने सांगितलं.  घरी येऊन तिने फक्त पोतं खाली काढलं, फाटलेली शिवण पुन्हा घातली आणि परत टांगून ठेवलं.

मग एका रविवारी बाळकृष्णराव आले. हे आमच्या गल्लीतल्या मराठी सभेचे अध्यक्ष, निवृत्त इंजिनियर. फ्लेक्सवर सगळ्यात मोठा गोल फोटो यांचाच होता. तिन्नैवर, म्हणजे बाहेरच्या ओट्यावर, ऐसपैस बसून त्यांनी बातमी दिली. आडी महिन्यानंतर, म्हणजे आपल्या आषाढानंतर, तंजावूरच्या इनडोअर स्टेडियममध्ये मोठी निमंत्रितांची स्पर्धा होणार आहे, बाहेरच्या राज्यांतून मुली येणार. उद्घाटनाला मंचावर वसुमतीचा सत्कार करायचा, पोन्नाडै घालायची. पोन्नाडै म्हणजे सत्काराची जरीची शाल, तमिळनाडूत तिच्याशिवाय कुठलंही कार्य होत नाही. आणि त्याच मंचावरून वसुमतीने खेळातून निवृत्ती जाहीर करायची. राज्य संघटनेच्या लोकांशी ते बोलूनही आले होते. पुढे तिला लहान मुलींची प्रशिक्षक करू, म्हणाले.

"नांव आहे तोंवर थांबावं, बाळ," ते म्हणाले. "लोक ती भोपाळची लढत विसरतील. शाल लक्षांत ठेवतील."

अंबा दाराशी उभी होती. ती म्हणाली, "होय म्हण गे, वसू. तूं खाली पडलीस तेव्हां माझं येथें काय झालें तें तुला ठाऊक नाहीं. पुन्हा तें बघणें मला होणार नाहीं." तिचा आवाज फुटला. त्यात काही खोटं नव्हतं. नवरा गेलेल्या बाईने एकुलत्या मुलीला पडद्यावर कोसळताना पाहिलं होतं.

वसुमतीने आईला जवळ बसवलं, तिचा हात हातात घेतला आणि बाळकृष्णरावांना विचारलं, "त्या स्पर्धेला चौगुले येणार कां?"

"येणार. राष्ट्रीय विजेती आहे, तिला बोलावणारच की."

"मग मीही येणार. रिंगमध्ये."

बाळकृष्णरावांना वाटलं, पोर थट्टा करते. त्यांनी समजावलं, मग आवाज चढवला, मग सभेची इभ्रत काढली. वसुमती म्हणाली, "राव, सभा पडली नाहीं, मी पडलें. उठायचं कधी तें मी ठरवणार." ते कॉफी अर्धी टाकून गेले. त्यांच्या जाण्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही, कॉफीचं वाटलं.

संघटनेला नाही म्हणता येईना. वसुमतीच्या वजनगटात सगळ्या राज्यात मोजून तीन मुली, त्यातली एक बाळंतपणाला माहेरी गेलेली. डॉक्टरांचा होकार आला. राहिला प्रश्न कोपऱ्याचा. तिथे कोण उभं राहणार? तुकोजी मान हलवून तमिळमध्ये एकच शब्द बोलले, "वेण्डाम." नको.

आता गल्लीतल्या प्रत्येकाला युक्त्या सुचायला लागल्या. कोणी म्हणालं, तमिळमध्ये ओरडा, सरळ काम. कोणी म्हणालं, आकडे ठरवा. सगळ्यांना आवडलेली युक्ती अशी की शब्दच उलटे करायचे: डावा म्हणायचं आणि उजवा सोडायचा, म्हणजे त्या कोल्हापूरवालीची चांगली जिरेल. मलाही ती आवडली. मी उत्साहाने वसुमतीला सांगायला गेले.

तिने पोत्यावरचा हात खाली घेतला. "काकी, मला आयुष्यांत दोन माणसांनी खरं सांगटलें, काका आणि तूं. तेही मराठींत. आतां तींत खोटं बोलायचं? आणि तमिळमध्यें कां जायचं? चोरी केली कां आपण? लोक हसले म्हणून मी आपली भाषा सोडूं?"

"अगं, पण तिला कळेल ना!"

"कळूं दे. कळून ती काय करणार? उजवा येतो म्हणून कळलें तरी तो अडवायला यायला पाहिजे कीं नाहीं?"

 मग ती म्हणाली, "तूं पॅड धर. मोठ्याने 'उजवा' म्हणून ओरड. तूं ओरडल्यावरच मी सोडीन. तूं अडव."

गुडघे दुखणारी, बीपीची गोळी घेणारी मी, साडीचा पदर खोचून नारळाखाली उभी राहिले. हातांत ते गादीसारखे पॅड. पहिल्या दिवशी मी "उजवा!" म्हणून ओरडले आणि पाच पावलं मागे जाऊन तुळशीच्या कट्ट्यावर बसले. पण रोज उभी राहायला लागले आणि हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मला तिचा उजवा अडवता यायला लागला होता. मी, जिला टीव्हीवरचं बॉक्सिंगही कळत नाही, ती आधीच पॅड वर धरून उभी. वसुमतीही गोंधळली. ती जास्त जोरात मारायची, मी जास्त लवकर अडवायची. एक दिवस चिडून तिने हातमोजे काढले आणि जमिनीवर आपटले. "तर मग काकांचं ओरडणंच नडलें," ती म्हणाली. "सांगटलें कीं अडवतां येतें." त्या क्षणी मला वाटलं, संपलं. आता ही शाल घेणार आणि खुर्चीत बसणार. 

तुकोजी स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभे होते. रोज तिथे उभे राहून बघायचे आणि आम्ही वळलो की आत जायचे. त्या दिवशी ते आत गेले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता. वर्गात एखादं पोर तीच ती चूक करायला लागलं की व्हायचा तसा.

"अगे, खांदा!" ते ओरडले. मराठीत. "ओरडण्याचं काय घेऊन बसलीस! तुझा उजवा खांदा आधीं मागें जातो, मग हात येतो. ही मिरजेची बाई अडवती म्हणजे काय! ती खांदा बघती, ऐकत कुठें आहे!"

 मला रडू आलं आणि रागही आला, 'मिरजेची बाई' म्हणाल्याचा. वसुमतीने विचारलं, "भोपाळला पण खांदा गेला होता, काका?"

"गेला होता. मी बघटलों. माझ्या तोंडांतून शब्द येतांनाच बघटलों."

"मग इतके महिने तोंड बंद करून कां बसलेत?" ती त्यांच्यावर एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या छपरावरची कबुतरं उडाली. "मी पडलें तें माझ्या खांद्यानें! तें माझं आहे! तुमी कां घेऊन बसलेत?"

 तुकोजी पायऱ्या उतरून आले, माझ्या हातातले पॅड काढून घेतले आणि स्वतः घातले. त्या दिवसापासून पुन्हा परसात मराठी सुरू झाली. खांदा जागच्या जागी ठेवून ठोसा सोडायचा, नुसत्या पायाच्या आणि कमरेच्या जोरावर. सुरुवातीला त्यात काही दमच नसायचा. वसुमती घामाने भिजायची, तुकोजी तिला नको ते बोलायचे. नवऱ्याचं ते बोलणं ऐकत मी आत भाजी चिरायची आणि मला फार बरं वाटायचं. मेट्टूर धरणाचं पाणी कालव्यांत आलं, शेतांत लावणी झाली, आणि एका संध्याकाळी तुकोजी "उजवा!" म्हणाले आणि पॅडसकट तुळशीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. मी मुद्दाम बाहेर जाऊन त्यांना बघून आले.

उद्घाटनाच्या दिवशी स्टेडियम भरलं होतं. बाळकृष्णरावांनी आशा सोडली नव्हती. त्यांनी सत्कार कार्यक्रमात ठेवलाच होता. त्यांना वाटलं असावं, एवढ्या लोकांसमोर शाल खांद्यावर पडली की पोर नरम पडेल. वसुमतीचं नाव पुकारलं. ती ट्रॅकसूटमध्येच मंचावर गेली. बाळकृष्णरावांनी शाल उलगडली, तिच्या मागे गेले आणि माईकवर म्हणाले की आपली कन्या आज दोन शब्द बोलणार आहे.

वसुमतीने त्यांच्या हातातून शाल घेतली, नमस्कार केला आणि तमिळमध्ये म्हणाली, "या स्पर्धेला कोल्हापूरहून राजनंदिनी चौगुले आल्या आहेत. त्या पाहुण्या आणि विजेत्या. शालीचा मान त्यांचा." मंचावरून उतरून ती खेळाडूंच्या रांगेत गेली आणि चौगुलेच्या खांद्यावर शाल घालून मराठीत म्हणाली, "मराठी राजांच्या राजधानीचं गांव बघून घे. मग रिंगमध्ये भेटूं." चौगुले आधी गोंधळली, मग खळखळून हसली. शिट्ट्यांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं. बाळकृष्णराव रिकाम्या हातांनी टाळ्या वाजवायला लागले, दुसरं काय करणार होते?

दोघीही आपापल्या लढती जिंकून अंतिम फेरीत समोरासमोर आल्या. मी आणि अंबा कोपऱ्याच्या अगदी मागे बसलो होतो. पहिल्या फेरीत तुकोजी गप्प. दोरी घट्ट धरून नुसते उभे. इतके दिवस परसात ओरडणारा माणूस, लोकांसमोर तोंडच उघडेना. चौगुलेने ती फेरी सहज घेतली. वसुमतीच्या भुवईवर सूज आली. अंबाने माझा दंड इतका दाबला की पुढे कितीतरी दिवस तिथे निळं राहिलं.

घंटा झाली, वसुमती कोपऱ्यात येऊन बसली. तुकोजींनी तिच्या तोंडावर पाणी मारलं. ती धापा टाकत म्हणाली, "काका, तोंड उघडा."

"लोक हसतील, बाळ."

"हसूं दे. मला ऐकूं येत नाहीं तोंवर मला लढतां येत नाहीं."

दुसरी फेरी सुरू झाली आणि तुकोजींनी तोंड उघडलं. "उजवा! वसू, उजवा!" सगळ्या स्टेडियमला ऐकू गेलं. मागच्या बाकांवरून कोणीतरी 'उजवा सोड' म्हणून चेष्टेत साथ दिली. चौगुलेच्या ओठांवर हसू आलं आणि तिने हात वर घेतले. पण उजवा आलाच नाही. वसुमती थांबली होती. चौगुलेने हात जरा खाली घेतले आणि तो आला, खांदा जागच्या जागी, कुठलीही वर्दी न देता. पुन्हा "उजवा!" चौगुलेने पुन्हा हात वर घेतले, आणि या वेळी तो लगेच आला, थेट हातांच्या मधून. तुकोजी जे होणार तेच ओरडत होते. एकदाही खोटं बोलले नाहीत. पण कधी, ते फक्त वसुमतीला माहीत होतं. शब्द कानावर पडला की चौगुले हात वर घेऊन वाट बघत राहायची, आणि वाट बघणाऱ्याला स्वतः ठोसा मारता येत नाही. मागच्या बाकांवरची चेष्टा आता चेष्टा राहिली नव्हती. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी मराठी बोललं नाही अशी माणसं उभी राहून "उजवा! उजवा!" म्हणून ओरडत होती. तिसऱ्या फेरीत एक उजवा असा बसला की पंचांनी चौगुलेला उभ्याउभ्या आठपर्यंत मोजलं. अंबा उठून उभी राहिली होती आणि तीही ओरडत होती. काय ओरडत होती ते तिला आजही आठवत नाही.

पाच पंचांपैकी तिघांनी वसुमतीला कौल दिला. पंचांनी तिचा हात वर केला तेव्हा तुकोजी खाली बसले आणि टॉवेलमध्ये तोंड लपवून हुंदके देऊन रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. 

चौगुले आमच्या कोपऱ्याकडे आली. गाल सुजला होता, एक डोळा बारीक झाला होता. रीतीप्रमाणे तिने तुकोजींना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, मला सगळं कळत होतं हो. दर वेळी कळत होतं. तरी येऊन पोचायचाच!"

 तुकोजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मागून वसुमती आली, तोंडातलं दातांवरचं रबरी कवच काढलं आणि सुजलेल्या ओठांनी हसत तिला म्हणाली, "पुढच्या वेळींही तेंच ओरडणार. ऐकून ठेव."